सोऱ्या, जाळी आणि सम्राट यंत्र

उज्जैनमध्ये यंत्ररेखांकन शिकवताना माझ्यासमोरच्या मराठी मुलांच्या तीन भाषा असतात: घरी मराठी, वर्गात हिंदी, पडद्यावर इंग्रजी. ‘एक्स्ट्रूड’चे बटण कुठे आहे हे त्यांना पाठ असते. ते काय करते असे विचारले की उत्तर अर्ध्यावर थांबते. मग मी सोऱ्या आठवायला सांगतो. चकतीला जसे भोक, तशी शेव. सपाट आकृती एका दिशेने पुढे सरकवली की घन वस्तू तयार होते. त्या बटणाचे काम एवढेच. ‘रिव्हॉल्व्ह’साठी कुंभाराचे चाक पुरते.

कॅड म्हणजे कागदाऐवजी पडद्यावर चित्र काढणे, असा समज शिक्षकांतही आहे. तो अपुरा आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ तयार केले तेव्हाच त्यात दोन रेषा समांतर राहाव्यात असे सांगता येत होते. पुढे एखादी रेषा हलवली तरी ते नाते टिके. खरी गंमत या नात्यांत आहे, आणि ती समजायला आपल्या गावात उत्तम वस्तू उभी आहे.

सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात इथे वेधशाळा बांधली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. तिथल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. म्हणून तिचा जमिनीशी कोन उज्जैनच्या अक्षांशाइतका, सुमारे २३ अंश ११ कला. दोन्ही बाजूंच्या वर्तुळपाद-पट्ट्या त्या तिरप्या कडेशी काटकोनात. सूर्याची सावली तासाला १५ अंश सरकते, त्यानुसार त्यांवर खुणा.

हे मुलांनी सॉफ्टवेअरमध्ये उभारायचे, पण कोन आकडा म्हणून न लिहिता ‘अक्षांश’ नावाने लिहायचा, असा माझा आग्रह असतो. पाया १० मीटर धरला तर भिंतीची उंची सुमारे ४.२८ मीटर येते. आता अक्षांशाच्या जागी जयपूरचे २६ अंश ५५ कला घाला. उंची ५.०८ मीटर होते, पट्ट्या आपोआप कलतात, कारण काटकोनाचे नाते आधीच सांगितलेले असते. नुसते चित्र काढणाऱ्याला इथे सगळे पुसून पुन्हा काढावे लागते.

मुले पुढे उत्साहाने सेकंदांच्या खुणा करतात. सॉफ्टवेअर अडवत नाही! पट्टीची त्रिज्या ३ मीटर असेल तर एक मिनिट म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर. पण सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे तीन मीटरवर सावलीची कड सुमारे २८ मिलिमीटर धूसर असते, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त. त्या धुसरतेत सेकंद कुठे मोजणार? उत्तर पडद्यावर नाही. वेधशाळेत जाऊन सावलीजवळ पांढरा कागद धरावा लागतो.

विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. ते वस्तूवर जाळी टाकते, प्रत्येक छोट्या तुकड्यावरचा ताण आणि त्याची हालचाल यांचे हिशेब एकमेकांशी जुळवते. जिथे कोपरा किंवा भोक, तिथे जाळी बारीक हवी. उत्तर रंगांत येते, आणि लाल रंग दिसला की मुले घाबरतात. लाल म्हणजे फक्त त्या चित्रातला सर्वांत जास्त ताण. तो धातूला सोसेल का, हे वेगळे पाहायचे.

निर्मितीची पायरी सर्वांत कोरडी, पण तिथेच चित्राची परीक्षा होते. कॅम सॉफ्टवेअर हत्याराचा मार्ग आखून जी-कोड लिहिते: ‘जी शून्य एक’ म्हणजे सरळ रेषेत काप, ‘जी शून्य दोन’ म्हणजे घड्याळाच्या दिशेने कमानीत. फिरते पाते गोल असल्याने खाचेचा आतला उभा कोपरा काटेकोर तीक्ष्ण निघत नाही. पडद्यावर तो छान तीक्ष्ण दिसत असतो.

हे सारे घरी करून पाहायला ‘फ्रीकॅड’ विनामूल्य मिळते. शब्दांचे मात्र अडते. ‘मेश’ला जाळी सहज बसली. ‘कन्स्ट्रेंट’ला पारिभाषिक मराठीत बंधन म्हणता येते, पण बंधन म्हटले की मुलांना वाटते काहीतरी करायला मनाई आहे. मी वर ‘नाते’ वापरले. सध्या वर्गात तोच शब्द चालतो आहे.