डेंग्यूची चाहूल दोन महिने आधी

डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्याच्या कडेलाही अंडी घालते. घरोघरच्या ताटल्या मोजणार कोण? हवामान मात्र रोज मोजले जाते. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील सोफिया याकोब, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी शहरातले हवामान व डेंग्यूचे मृत्यू यांची सांगड घालणारे गणिती प्रारूप तयार केले. अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. २७ अंशांहून अधिक तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि विखरून पडणारा मध्यम पाऊस डेंग्यूला पोषक ठरतो. आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक कोसळला, तर अंडी-अळ्याच वाहून जातात. या प्रारूपातून साथीचा इशारा दोन महिने आधी मिळू शकतो. तेवढ्या वेळात टाक्या तपासणे, साचलेले पाणी उपसणे सहज जमते.