फौजी कुटुंबाचं घर नेमकं कुठे असतं?

शाळेचा असो, बँकेचा असो की गॅसचा, जवळपास प्रत्येक फॉर्मवर दोन रकाने असतात. एक सध्याच्या पत्त्याचा, दुसरा कायमच्या पत्त्याचा. बहुतेक जण दुसऱ्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे होतात. फौजी कुटुंबाला ते जमत नाही. सध्याचा पत्ता दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि कायमचा पत्ता म्हणून ज्या गावाचं नाव लिहायचं, तिथे ते फक्त सुट्टीपुरतं राहिलेलं असतं.

आपला कायदाही काहीसा असाच विचार करतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार, नोकरीत नसता तर सैनिक जिथे राहिला असता, तिथला तो रहिवासी मानला जातो. मतदार यादीत त्याचं नाव तिथे लावता येतं, सोबत राहणाऱ्या पत्नीचंही. २०२१ च्या दुरुस्तीत 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' हा शब्द आला, त्यामुळे सैन्यातल्या बाईच्या नवऱ्यालाही ही सोय मिळाली. थोडक्यात, कागदावर सैनिक गावातच असतो, फक्त कामासाठी बाहेर गेलेला असतो.

पण घर कागदावर चालत नाही. ते चालवते सैनिकाची बायको.

माझे बाबा सैन्यात हवालदार होते. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. मी शाळा संपवेपर्यंत आम्ही सात क्वार्टर बदलले. प्रत्येक ठिकाणी खिडक्यांचं माप वेगळं. त्यामुळे आई पडद्यांची खालची पट्टी नेहमी वीतभर जास्त दुमडायची. खिडकी मोठी निघाली की टीप उसवायची, लहान निघाली की पुन्हा घालायची. पडदे तेच, घरं सात. काळ्या पत्र्याच्या ट्रंकांवर बाबांचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेला असायचा. देवघर सगळ्यात शेवटी बांधलं जायचं आणि नव्या जागी सगळ्यात आधी उघडायचं. बाबांना फील्ड पोस्टिंग मिळालं की हे सगळं आई एकटीनं करायची.

मुलांची सोय त्यामानाने बरी होती. सतत बदल्या होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीच १९६३ मध्ये केंद्रीय शाळांची योजना सुरू झाली. लष्कराच्या वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन तिची सुरुवात झाली. आज आपण त्यांना केंद्रीय विद्यालय म्हणतो. अभ्यासक्रम सगळीकडे सारखा, त्यामुळे वर्ष वाया जात नाही. मैत्रिणी मात्र मागेच राहतात. मराठी तर मी आईकडून घरीच शिकले, दिवाळी अंक आणि आजीची पत्रं वाचत.

बाबांचं शेवटचं पोस्टिंग बेंगळुरूला होतं. या शहराचं सैन्याशी नातं जुनं आहे. १८०९ मध्ये इंग्रजांनी इथे छावणी वसवली आणि तिच्याभोवती अर्धं शहर वाढलं. हलसूर तलावाशेजारचं मद्रास सॅपर्सचं केंद्र, जालहळ्ळी आणि येलहंका इथले हवाई दलाचे तळ, कमांड हॉस्पिटल, कँटीन हे सगळं इथे आहे. म्हणून देशभरातले फौजी निवृत्तीनंतर इथेच थांबतात. सैनिकांना घरं मिळावीत म्हणून १९७८ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशनच्या वसाहतीही इथे आहेत. त्यातल्या एकीचं नाव संदीप विहार. बेंगळुरूत वाढलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन २८ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या ताज हॉटेलात अतिरेक्यांशी लढताना शहीद झाले. वय होतं ३१. जो मुलगा या शहरातल्या आपल्या घरी परत आला नाही, त्याच्या नावाच्या वसाहतीत आज इतर फौजींची घरं आहेत.

दुसरीकडे आपल्या साताऱ्यातलं अपशिंगे गाव बघा. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. आजही तिथल्या घराघरातून मुलं सैन्यात जातात. अशा गावात सैनिकाची जागा राखलेली असते. तो परत येणार, हे सगळ्यांनी धरलेलं असतं.

मग निवृत्त झाल्यावर जायचं कुठे? शहरात की गावात?

आमच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा बाबा चाळिशी नुकतीच ओलांडलेले होते. जवानाला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मिळू शकतं, त्यामुळे तो घरी येतो तेव्हा म्हातारा नसतो. बाबांना गावी जायचं होतं. जुन्या घरात त्यांच्या वाट्याला दोन खोल्या होत्या. आई शांतपणे म्हणाली, "अहो, गावाला माझा विरोध नाही. पण तिथे मी दर वर्षी पाहुणी म्हणून गेले. आता दुसऱ्यांनी मांडलेल्या घरात राहायला सांगू नका. एकदा तरी खिडकीचं माप मला घेऊ द्या."

बाबा काही बोलले नाहीत. वीस वर्षांत त्यांनी तिला हे कधी विचारलंच नव्हतं. विचारण्यासारखं काही नव्हतंही, कारण घर कुठलं मिळणार हे ते तरी कुठे ठरवत होते?

बेंगळुरूतली घरं आमच्या ऐपतीबाहेरची होती. शेवटी सातारा शहराबाहेर लहानसा प्लॉट घेतला. गाव तासाभरावर, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना आणि कँटीन जवळ. घर दोघांच्या नावावर आहे. खिडक्या आईनं ठरवल्या. मी मात्र तोवर इथे बेंगळुरूत नोकरीला लागले होते. ज्या घराची आम्ही सगळ्यांनी वाट पाहिली, तिथे मी सुट्टीतच जाते. बहुतेक फौजी मुलांचं असंच होतं. पक्कं घर होईपर्यंत त्यांची घर सोडायची वेळ आलेली असते.

म्हणून ज्यांच्या घरी कुणी सैन्यात आहे, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. हा विषय निवृत्तीच्या वर्षावर ढकलू नका. नोकरीची पाच-सात वर्षं उरलेली असतानाच नवरा-बायकोनं एकत्र बसून बोलावं. मुलांचं शिक्षण कुठे होणार, आजारपणात दवाखाना किती लांब, गावच्या जमिनीत आपला वाटा कागदावर आहे का, घर कुणाच्या नावावर होणार, हे सगळं. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन यावं, माजी सैनिकांसाठीच्या योजनांची माहिती तिथे मिळते. आणि मुलांनाही विचारावं, त्यांना कुठलं गाव आपलं वाटतं.

उत्तरं वेगवेगळी येतील, थोडी भांडणंही होतील. होऊ द्या. बाकी सगळी घरं हुकमानं मिळालेली असतात. हे एकच सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं.