वाढणारे हात, पिकविणारे हात

अन्नदान हे आपल्याकडे श्रेष्ठ दान मानले आहे. सणावाराला पंगती उठतात, देवळापुढे सदावर्ते चालतात, भुकेल्याच्या पोटात चार घास जातात. हे पुण्यकर्म खरेच. परंतु त्यात वाढणारा कोण आणि घेणारा कोण, हे आधीच ठरून गेलेले असते. कुष्ठरोग्याच्या वाट्याला तर ते अन्नही दुरूनच येई. त्याची भूक भागे. माणूसपण मात्र उपाशी राही.

जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात, या प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि साधनाताई व थोडे रोगी यांच्यासह वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात वस्ती केली. १९५१ साली विनोबांच्या हस्ते या आनंदवनाचे उद्घाटन झाले. विहीर खणणे, दगड वेचणे, जमीन कसणे ही कामे रोग्यांनीच केली. होता होता भाजीपाला खाऊन उरू लागला.

खरी अडचण पुढेच होती. वरोऱ्यात ती भाजी कोणी घेईना! भीक घालायला जो हात पुढे होई, तोच रोग्याने पिकविलेली भाजी घ्यायला मागे सरे.

वास्तविक या भीतीला आधार नाही. कुष्ठरोग अन्नातून पसरत नाही. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ व निकट सहवासातूनच तो बहुधा होतो. बहुतेकांच्या शरीरात त्याला रोखण्याची शक्ती उपजत असते. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाचे भय लवकरच सरते. बोटे झडलेली असली म्हणजे रोग अंगात आहेच, असेही नाही.

पण भीती निव्वळ व्याख्यानाने जात नाही. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रोग्यांबरोबर बांधकाम केले आणि त्यांनीच पिकविलेले अन्न त्यांच्यासमवेत खाल्ले. हे गावाने डोळ्यांनी पाहिले, आणि मग आनंदवनाच्या भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले.

यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. भुकेल्याला आज जेवू घालावेच. त्यात विलंब नको. परंतु किती पाने उठली, एवढ्यावरच अन्नदानाचा हिशेब संपत नाही. काल घेणारा आज वाढायला उभा राहिला काय, आणि त्याने वाढलेले आपण निःशंकपणे जेवलो काय, हेही आपल्या गावच्या पंगतीत एकदा पाहावे.