बरणींतील कढण

‘सूप’ हा शब्द आतां आपल्या घरांत चांगलाच रुळला आहे. दुकानांतून आणलेली पुडी फोडावी, उकळत्या पाण्यांत ढवळावी, कीं पांच मिनिटांत वाटी तयार! ही सोय साहेबाच्या देशांतून आली, अशी आपली समजूत असते. परंतु ज्यांचें थोडेंबहुत संस्कृत झालें आहे, त्यांना ‘यूष’ हा शब्द अपरिचित नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सत्ताविसाव्या अध्यायांत धान्यें, शाकें, फळें यांच्या जोडीला शिजविलेल्या अन्नाचाहि स्वतंत्र वर्ग आहे. त्यांत पेया, विलेपी, मंड यांच्या पंगतीला यूषहि बसला आहे. त्यांतला कुलत्थ म्हणजेच आमच्या बीड जिल्ह्यांतला हुलगा आणि कोंकणांतला कुळीथ. अंबाजोगाईस योगेश्वरीच्या दर्शनाला येणारी कोंकणस्थ मंडळी आमच्या घरीं उतरत, तेव्हां या दोन शब्दांवरून हास्यविनोद होई. पानांत पिठलें पडलें कीं वाद मिटे.

बालाघाटाच्या डोंगरपट्टींत पाऊस बेभरंवशाचा. तेथील हलक्या जमिनींत, इतर पिकें माना टाकतात तेव्हां, हुलगा तग धरतो. त्यांत शेंकडा वीस-बावीस भाग प्रथिनें असतात. कडधान्यांचें महत्त्व जगाला पटावें म्हणून संयुक्त राष्ट्रांनीं २०१६ हें ‘कडधान्य वर्ष’ म्हणून पाळलें. आमच्या आजीला तें महत्त्व अगोदरच ठाऊक होतें. १९७२ च्या दुष्काळांत मी शाळकरी पोर होतों. दुष्काळी कामांवर मजुरांना सुकडी मिळे. घरीं आजी भाजलेल्या हुलग्याच्या पिठाचें माडगें करी. भाकरीचें पीठ संपलेलें असे, पण त्या मडक्याचा तळ मला कधीं दिसला नाहीं.

सुकें अन्न ही प्रवासी व कष्टकरी माणसांची शिदोरी आहे, हें इतर देशांचा इतिहासहि सांगतो. १७६८ सालीं कॅप्टन कुक दक्षिण समुद्राच्या सफरीस निघाला, तेव्हां आटवून वडीसारखें घट्ट केलेलें सूप त्याच्या जहाजावर होतें. स्वित्झर्लंडमध्यें गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांना स्वयंपाकाला वेळ मिळेना आणि कुटुंबांच्या पोषणाची आबाळ होऊं लागली; त्यांच्यासाठीं म्हणून जूलियस मॅगी या गृहस्थानें १८८६ मध्यें वाटाणा व घेवडा यांच्या पिठाचीं तयार सुपें विक्रीस आणलीं. आज ज्या नांवाच्या शेवया मुलें हट्टानें मागतात, त्याचा आरंभ असा डाळीच्या पिठांत आहे.

आमच्या जिल्ह्यांतहि अशा राबणाऱ्या स्त्रिया आहेत. दसरा-दिवाळी आली कीं असंख्य कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. नवराबायकोच्या जोडीला तेथें ‘कोयता’ म्हणतात. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, दिवसभर फडांत राबते, आणि अंधार पडल्यावर पुन्हा चूल पेटविते. माझ्या एका विद्यार्थ्याचे आईवडील असेच जात. एका वर्षीं मीं मोठ्या उत्साहानें हुलग्याचें पीठ भाजून घेतलें, त्यांत मीठमसाला व चिंचेची पूड मिसळली, आणि दोन मोठ्या काचेच्या बरण्या भरून त्यांना दिल्या. “नुसतें पाण्यांत कालवून उकळा,” असें सांगतांना दात्याचा थोडा अभिमानहि माझ्या स्वरांत असावा.

चैत्रांत ती माउली एकच बरणी धुऊन परत घेऊन आली. मीं विचारलें, तेव्हां संकोचून म्हणाली, “गुरुजी, एक तर ट्रॅक्टरातच फुटली. दुसरीतल्या पिठाला महिन्याभरात कुबट वास यायला लागला, गठुळ्या झाल्या. पोराला द्यायचा धीर झाला नाही, टाकलं. तुमाला कसं सांगावं कळंना.” पस्तीस वर्षें मुलांच्या चुका तांबड्या शाईनें खुणावणाऱ्या मला त्या दिवशीं स्वतःचीच वही तपासावी लागली.

चुका तीन निघाल्या. पीठ कोमट असतांनाच मीं बरणी भरली. आंतली वाफ काचेला लागून तिचें पाणी झालें. मीठ व चिंच हीं दोन्ही हवेंतील ओल ओढून घेतात. तीं मीं पिठांतच मिसळलीं. आणि ज्यांचा संसार ट्रॅक्टरवर लादला जातो, त्यांना मीं काच दिली! बुरशीला जगावयास पाणी लागतें. तें पिठांत राहूंच द्यावयाचें नाहीं, हें या विद्येचें सार आहे.

पुढील वर्षीं केलेली कृति अशी. हुलगे ४ वाट्या, मुगाची डाळ १ वाटी व तांदूळ अर्धी वाटी घ्यावी. हुलग्यांतील खडे डोळ्यांत तेल घालून वेंचावे. सर्व जिन्नस दोन दिवस कडक उन्हांत वाळवावे, नंतर मंद आंचेवर निरनिराळे भाजावे. प्रत्येकाचा भाजण्याचा वेळ वेगळा. जिरें २ चमचे, मिरीं १ चमचा व सावलींत वाळविलेला मूठभर कढीलिंब हीं कोरडींच परतावीं. तेलतूप मुळींच लावूं नये; तें खंवट होतें. सर्व निवाल्यावर दळावें, चाळावें, १ चमचा सुंठपूड व पाव चमचा हिंग मिसळून परातींत पसरून पूर्ण थंड करावें, मगच भरावें.

ओल राहिली कीं काय, हें पाहण्यास काचेची बरणी उत्तम. भरून झांकण लावून ती अर्धा तास उन्हांत ठेवावी. आंतून दंव धरलें, तर पीठ पुन्हा भाजावें. प्रवासासाठीं मग तें घट्ट झांकणाच्या डब्यांत काढावें. मीठ व चिंच वेगळ्या पुड्यांत द्यावीं. डब्यावर तारीख लिहावी, तीन महिन्यांत पीठ संपवावें आणि चमचा नेहमीं कोरडा वापरावा. बुरशीचा वास आल्यास उकळून खाण्याचा मोह धरूं नये. बुरशीचीं कांहीं विषें उकळल्यानें जात नाहींत. करतेवेळीं दोन चमचे पीठ आधीं गार पाण्यांत कालवावें, म्हणजे गुठळ्या होत नाहींत; मग दोन वाट्या पाणी घालून आठ-दहा मिनिटें शिजवावें.

हा डबा मात्र रिकामा होऊन परत आला. मी खूष झालों, तोंच ती म्हणाली, “चव झ्याक होती गुरुजी, पण तुमच्या मापानं फडातल्या माणसाचं पोट भरत नाही. मी त्यात ज्वारीचं पीठ भाजून टाकलं.” तिचें माप मीं लिहून घेतलें आहे: चार वाट्यांस दोन वाट्या ज्वारी. माझ्या वहींतील ही तिसरी आवृत्ति तिची आहे.

वैशाखांतील ऊन आपल्या अंगणांत फुकट पडतें. पापडकुरडयांच्या जोडीला हें कढणाचें पीठ घालावें, आणि एक डबा घराबाहेरच्या कोणासाठीं करावा. मात्र तो देतांना, खाणाऱ्याची चूल कशी आहे हें अगोदर विचारावें. मीं तें नंतर विचारलें, आणि त्याची किंमत एका मुलाच्या वाटीनें दिली.