कॅमेरे अनेक, वाहिनी एक

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याचे आदेश दिले. त्यापूर्वी २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांबाबत तसाच आदेश दिला होता. गावोगावच्या चौकांत आणि परीक्षा केंद्रांवरही आता कॅमेरे दिसू लागले आहेत. तथापि, कॅमेरा बसला म्हणजे देखरेख सुरू झाली, असे नव्हे. अनेक कॅमेऱ्यांची चित्रे एकाच इंटरनेट जोडणीतून एकाच वेळी बाहेर जाऊ लागली की ती अडखळतात, गोठतात. त्याच जोडणीवर चालणारे दाखल्यांचे कामही खोळंबते. आणि एखाद्या प्रसंगी चित्रण पाहावयास जावे, तर नेमका तेवढाच भाग हाती लागत नाही!

कालव्याचा दृष्टान्त

जोडणीतून दर सेकंदाला किती माहिती वाहू शकते, त्या मर्यादेस बँडविड्थ म्हणजेच वहनक्षमता म्हणतात. कालव्याची क्षमता ठरलेली असते. वरच्या सर्वांनी एकदम दारे उघडली, तर शेवटच्या टोकाचे शेत कोरडे राहते. म्हणूनच आपल्याकडे शेजपाळीने पाणी देण्याची पद्धत आहे. कॅमेऱ्यांनाही अशीच शिस्त हवी.

समजा, एका शाळेत आठ कॅमेरे आहेत. सुस्पष्ट चित्रासाठी प्रत्येकास सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट लागतात, म्हणजे एकूण ३२ मेगाबिट. शाळेच्या जोडणीची बाहेर पाठविण्याची क्षमता २० मेगाबिट असेल, तर ताळमेळ बसणार नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. जाहिरातीत दिसणारा वेग बहुधा माहिती आत येण्याचा असतो. कॅमेऱ्यांना मात्र ती बाहेर पाठवावयाची असते आणि कित्येक जोडण्यांत हा वेग पुष्कळच कमी असतो.

साठवण जवळ, प्रवाह मोजका

यावरील मुख्य उपाय सोपा आहे. पूर्ण दर्जाचे चित्रण इमारतीतच, रेकॉर्डरवर साठवावे. कॅमेऱ्यापासून रेकॉर्डरपर्यंत केबल टाकली की या कामी इंटरनेट खर्ची पडत नाही व जोडणी तुटली तरी नोंद अखंड राहते. आजचे बहुतेक कॅमेरे मुख्य चित्राबरोबर एक लहान, दुय्यम प्रवाहही देतात. त्यास सुमारे अर्धा मेगाबिट पुरतो. दुरून पाहण्यासाठी तोच पाठविल्यास आठ कॅमेऱ्यांचे काम ४ मेगाबिटमध्ये भागते. शंका आली, तर त्या एकाच कॅमेऱ्याचे पूर्ण चित्र मागवावे.

साठवणुकीचाही हिशेब आधीच करावा. ४ मेगाबिटचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गीगाबाइट जागा व्यापतो. आठ कॅमेऱ्यांना ३० दिवसांसाठी १० टेराबाइटहून अधिक जागा लागते. एच.२६५ या संकोचन पद्धतीने, जुन्या एच.२६४ च्या तुलनेत, जवळपास निम्मी बचत होऊ शकते. शांत व्हरांड्यासाठी सेकंदाला २५ ऐवजी १२ ते १५ चित्रेही पुरेशी होतात.

आणखी काही दक्षता

रात्रीच्या अंधारात चित्रात कण उमटतात, पावसात सारे दृश्य हलते; अशा वेळी माहितीचा भार वाढतो. यास्तव प्रत्येक कॅमेऱ्यास कमाल मर्यादा घालून द्यावी आणि एकूण क्षमतेचा एक चतुर्थांश भाग मोकळा राखावा. कार्यालयीन कामासाठी राउटरवर स्वतंत्र हिस्सा ठरवून द्यावा. पाहणारे अनेक असतील, तर प्रत्येकाने थेट कॅमेऱ्याशी जोडून घेऊ नये. प्रवाह एकदाच बाहेरच्या सर्व्हरकडे जावा व तेथून सर्वांना मिळावा.

खरेदीचा ठराव करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी व पंचायत सदस्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: बाहेर पाठविण्याची प्रत्यक्ष क्षमता किती? चित्रण कोठे व किती दिवस राहील? जोडणी तुटल्यास नोंद चालू राहील काय? त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच मुलांच्या सुरक्षिततेसाठी बसविलेला कॅमेरा प्रसंगी साक्ष देऊ शकेल. एरवी तो भिंतीवरची केवळ शोभा ठरेल.