बांधावरचे झाड आणि आपली प्रकृती



बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी आम्ही नेहमीच लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. झाडाझुडपांत, मोकळ्या हवेत वेळ घालविल्याने माणसाची प्रकृती सुधारते, असे डॉक्टर मंडळी अलीकडे आग्रहाने सांगतात. हा विषय आम्ही एका गट बैठकीत काढला, तेव्हा एक वयोवृद्ध सभासद हसून म्हणाले, "साहेब, आमचा जन्म रानातच गेला की. रानातली हवा आम्हाला काय सांगता? शहरातल्या लोकांना सांगा."

त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. ते कसे, हे समजून घेऊ.

कष्ट निराळे, विसावा निराळा

रानात राबणे आणि रानात घटकाभर निवांत बसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोळी उचलताना, दारे धरताना किंवा खुरपताना शरीर ताणलेले असते. नाडी जोरात चालते, घाम जातो. मध्ये दम घेतला नाही, तर रक्ताचा दाब आणि नाडी खाली यायला सवडच मिळत नाही. म्हणून दिवसभर कष्ट केले की व्यायाम झाला, हा समज बरोबर नाही. स्वतःच्या मर्जीने, बेताने चालण्या-फिरण्याचा फायदा हृदयाला जसा होतो, तसा पोटासाठी केलेल्या जड कामाचा होत नाही, असे संशोधकांना आढळले आहे.

दुसरी बाजूही पाहा. आता कष्टही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. पूर्वी वस्तीवरून रानात पायी जाणे होई. आता मोटारसायकल थेट बांधापर्यंत जाते. मोटार तर घरी बसून मोबाईलवरून चालू करता येते, त्यामुळे विहिरीवर चक्कर मारण्याचे कारणही उरले नाही. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या घेणारे सभासद आज प्रत्येक गावात भेटतात. पिकवायची ती साखर आणि रक्तात वाढते तीही साखर, अशी आपली गत झाली आहे!

झाड काय काम करते?

सन १९८४ साली अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी एका इस्पितळातील रोग्यांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. सर्वांचे पित्ताशयाचे ऑपरेशन झालेले होते. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत, तर काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेवरची कडक औषधे कमी लागली.

जपानमध्ये १९८२ सालापासून सरकारच्या वन खात्यानेच लोकांना जंगलात सावकाश फिरायला सांगण्यास सुरुवात केली. पुढे तेथे तपासण्या झाल्या. शहरात फिरणाऱ्यांपेक्षा झाडीत फिरणाऱ्यांची नाडी व रक्तदाब कमी आढळला. चिंतेने शरीरात वाढणारे एक द्रव्यही कमी दिसले.

इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोन तास किंवा अधिक वेळ निसर्गात घालविणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे जास्त प्रमाणात सांगितले. ही पाहणी आहे, औषधाची परीक्षा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पण दोन तास म्हणजे रोजची सतरा-अठरा मिनिटे. तेवढी तर चहाच्या टपरीवर जातात.

लेकरांच्या बाबतीत पुरावा अधिक पक्का आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे जादा मोकळ्यावर सोडले. तीन वर्षांनी पाहिले तर त्यांच्यातील सुमारे तीस टक्के मुलांना लांबचे कमी दिसू लागले होते. इतर शाळांत हेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या जवळ होते. मोबाईल घेऊन बसलेल्या नातवाला सोबत मळ्यात न्यावे, ते यासाठी.

राहिली सावली. पत्रा उन्हाने तापतो आणि ती धग खाली बसलेल्याच्या डोक्यावर ओततो. झाडाचे पान मुळाने ओढलेले पाणी वाफेच्या रूपाने सोडत असते, म्हणून ते तसे तापत नाही. पत्र्याच्या शेडखाली जीव घाबरा होतो आणि लिंबाखाली डोळा लागतो, त्याचे कारण हे आहे.

आमची एक चूक

आता जे सांगावयाचे आहे ते सांगण्यास थोडा संकोच वाटतो. आम्ही नोकरीस लागलो तेव्हापासून गावोगाव सांगत आलो, "बांध साफ ठेवा, झाडाखाली ऊस बारीक येतो." झाडाखालचा ऊस बारीक येतो हे खरेच आहे. सभासदांनी आमचे ऐकले. लिंब, बाभळी, चिंचा गेल्या, आमराया गेल्या. दोन सऱ्या ऊस जास्त बसला.

गेल्या हंगामात, मार्च महिन्यात, दुपारी आम्ही एका फडावर गेलो. टोळी पहाटेपासून कामावर होती. एका बाईने आपले तान्हे लेकरू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली फडक्यावर निजविले होते. आम्ही रागावून विचारले, "बाई, गाडी हलली म्हणजे?" तिने चौफेर हात फिरवून विचारले, "मग कुठं ठेवू, दादा?" नजर पोहोचेल तिथपर्यंत झाड नव्हते. त्या बांधावर पूर्वी तीन लिंब होते. ते काढा असे सांगणारे आम्हीच होतो.

बीड जिल्ह्याच्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. सभासदांपैकी कित्येकांच्या भावकीत कोयता आहे.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत ऊसतोड करणारे तरुण मजूर मूत्रपिंडाच्या विकाराने मोठ्या संख्येने दगावले. उन्हातील जोराचे काम आणि त्या मानाने कमी पाणी, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. तेथे काही ठिकाणी तीन गोष्टी नेमाने केल्या: पाणी, विश्रांती आणि सावली. त्याने मजुरांच्या प्रकृतीस फायदा दिसला. एल साल्वाडोरमधील प्रयोगात माणशी तोड घटण्याऐवजी वाढली. विसाव्याने काम बुडते, हा हिशेब तिथे चुकला.

काय करावे?

१) प्रत्येक सभासदाने विहिरीजवळ किंवा पाणंदीच्या कडेला निदान दोन झाडे लावावीत. लिंब, करंज, चिंच, जांभूळ आपल्या हवेत टिकतात. मृगापूर्वी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन ठेवावा.

२) आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस सावली उत्तरेला पडते. उसाच्या उत्तरेकडून रस्ता किंवा पाणंद असेल, तर त्या बाजूस झाड लावावे. सावली रस्त्यावर पडेल, ऊस उन्हात राहील. बांध सामाईक असल्यास शेजाऱ्यास आधी विचारावे.

३) रोज सकाळी किंवा दिवस कलल्यावर वीस मिनिटे रानात पायी फिरावे. मोटारसायकल घरी, मोबाईल खिशात. पायात बूट असावा. फवारणी झालेल्या पिकात जाऊ नये. घरातील बायकांनाही ही सवड मिळाली पाहिजे, त्यांचे फिरणे म्हणजे सरपण आणणे नव्हे.

४) तोड चालू असताना फडावर पिण्याचे पाणी आणि सावलीची जागा ठेवावी. झाड वाढेपर्यंत वर पाचट टाकलेला मांडव चालेल.

५) चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. झाड हे औषधाला जोड आहे, बदली नव्हे.

आपल्या जिल्ह्यात झाडे कुठे जगतात, असे कोणी म्हणेल. त्यांनी बीडजवळ पालवणला जाऊन यावे. तेथील उघड्या माळावर सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वन विभागाच्या साथीने सह्याद्री देवराई उभी केली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्ष संमेलन भरले होते आणि अध्यक्षपद वडाला दिले होते. माळावर झाड जगते, तर उसाच्या पाटाकडेला का जगू नये?

ज्यांना रोपे हवी असतील त्यांनी मे अखेर आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. रोपे मिळवून देण्याची खटपट आम्ही करू. ज्या बांधावरचे तीन लिंब आमच्या सांगण्यावरून गेले, त्या बांधावर पहिली तीन रोपे आम्ही स्वतः लावणार आहोत. त्या सभासदांनी परवानगी दिली आहे. "आता परत काढा म्हणू नका म्हणजे झालं," एवढेच ते म्हणाले.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग