शाळा नऊला, झोप कितीला?

जूनमध्ये महाराष्ट्रातल्या शाळा उघडतात आणि घराघरांत ‘ऊठ, व्हॅन येईल’चा पुकारा पुन्हा सुरू होतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ चा. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढल्यावर तो निघाला. तरीही दोन पाळ्यांची इमारत, बसच्या फेऱ्या अशा अडचणी सांगत अनेक शाळा पहिली घंटा सातच्या सुमारासच देतात. सहा वर्षांच्या मुलाच्या झोपेपेक्षा बसचं वेळापत्रक मोठं ठरावं, हे मला मुळीच पटत नाही.

पण शाळा नऊला भरली, तरी मूल अकराला झोपत असेल तर सकाळची रडारड टळत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्यांना दुपारची डुलकी धरून दहा ते तेरा. सहाला उठायचं असेल तर नऊला गाढ झोप हवी. आपल्याकडे नऊला आईबाबा लोकलमधून नुकतेच उतरलेले असतात, कुकर व्हायचा असतो आणि दिवाणखान्यात दोन ट्यूबलाइट लखलखत असतात.

त्या ट्यूबलाइटकडे फारसं कुणी बघत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या मोनिक लबुर्जुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक छोटा, पण विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची दहा मुलं. त्यांच्या घरच्या खिडक्या झाकल्या, दिवे मंद केले आणि झोपेचा संदेश देणारं मेलाटोनिन संध्याकाळभर लाळेतून मोजलं. दुसऱ्या संध्याकाळी निजण्याआधी तासभर मुलं प्रखर उजेडाच्या टेबलावर चित्रं रंगवत बसली. मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी घसरलं! उजेड बंद करून पाऊण तास उलटला तरी बहुतेकांचं ते निम्म्यावरही आलेलं नव्हतं. दहाच मुलं, उजेडही आपल्या घरातल्यापेक्षा कितीतरी प्रखर, हे मान्य. पण कोवळ्या डोळ्यांची बाहुली मोठी आणि भिंग अधिक पारदर्शक असल्यामुळे उजेड आत जास्त पोचतो, हेही खरं. ‘झोपच येत नाही’ म्हणणारं मूल हट्टी नसतं, त्याच्या शरीरात अजून रात्र झालेली नसते.

म्हणून मी आठनंतर ट्यूब मालवून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावायला सांगेन. मुलांना आधी जेवू घालावं, मोठ्यांची वाट बघायला लावू नये. टीव्ही आणि मोबाइल मोठ्यांनीही तेवढा वेळ बाजूला ठेवावा. दप्तर, गणवेश, मोजे रात्रीच काढून ठेवावेत, भाजी चिरून ठेवावी. आणि हे सगळं एकट्या आईच्या अंगावर नको. डबा भरणं बाबांनाही जमतं.

सकाळी मात्र उलट: उठल्याबरोबर पडदे सारून मुलाला गॅलरीत उजेडात न्यावं. रविवारीही उठण्याची वेळ फार सरकू देऊ नये.

एवढं करूनही सातची शाळा अवघडच. नऊची वेळ पाळणं शक्य नसेल, तर शाळेला शिक्षणाधिकाऱ्यांकडे अडचण मांडून मान्यता घ्यावी लागते. तशी मान्यता आहे का आणि अडचण नेमकी कोणती, हे जूनमधल्या पहिल्याच पालकसभेत मुख्याध्यापकांना चारचौघांत विचारा.